भूकंपांच्या नोंदींवरून बुडणाऱ्या भूपट्टाचा छेद कसा काढावा

पर्वतनिर्मिती म्हटले की आपल्याला प्रथम हिमालय आठवतो. परंतु तिथला सागरी तळ केव्हाच खाली गेला असून आता दोन खंड एकमेकांना भिडले आहेत. सागरी भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरील कठीण थराचा समुद्राखालचा तुकडा, आजही बुडताना पाहायचा असेल, तर पॅसिफिक महासागराखालचा नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकेखाली सरकतो तो अँडीजचा प्रदेश निवडावा.

अमेरिकी भूगर्भशास्त्रीय सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावरून २१ ते २४ अंश दक्षिण अक्षांश आणि ७२ ते ६० अंश पश्चिम रेखांश यांमधील, १९९० नंतरच्या ४.५ व त्याहून अधिक महत्तेच्या भूकंपांची यादी उतरवून घ्यावी. खोलीच्या रकान्यात नेमके १० किंवा ३३ किलोमीटर हे आकडे पुन्हा पुन्हा आढळतील. खोली नीट ठरवता आली नाही की बहुधा हे आकडे गृहीत धरले जातात, म्हणून त्या ओळी वगळाव्यात.

आता आडव्या अक्षावर रेखांश आणि उभ्या अक्षावर खालच्या दिशेने वाढणारी खोली मांडून प्रत्येक भूकंपासाठी एक ठिपका द्यावा. इथे रेखांशाचा एक अंश सुमारे १०३ किलोमीटरचा असतो, त्यानुसार दोन्ही अक्षांचे प्रमाण सारखे ठेवावे. बहुतेकांची चूक इथेच होते आणि भूपट्ट कड्यासारखा उभा दिसू लागतो.

सागरी गर्तेपासून (भूपट्ट जिथे खाली वळतो त्या समुद्रतळावरील खोल दरीपासून), म्हणजे ७१ अंशांच्या आसपासून, पूर्वेकडे उतरत जाणारी ठिपक्यांची तिरकी रांग म्हणजे वाडाटी-बेनिऑफ पट्टा. ती शंभरेक किलोमीटर खोल जाते, तिथे वर लिकान्काबुरसारखे ज्वालामुखी उभे आहेत. भूपट्ट स्वतः वितळतो असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यामुळे त्याच्या वर असलेल्या प्रावरणाचा (कवचाखालच्या जाड खडकाळ थराचा) वितळणबिंदू उतरतो आणि शिलारस तयार होतो. पुढे सुमारे ३०० ते ५०० किलोमीटर खोलीत ठिपके जवळजवळ नाहीसे होतात, पण त्यावरून भूपट्ट तुटला असे मानू नये, कारण त्याखाली ते पुन्हा दिसतात. सुमारे ७०० किलोमीटरनंतर भूकंप होत नाहीत. त्यापुढचा शोध भूकंपलहरींच्या वेगावरून घ्यावा लागतो, कारण थंड भूपट्टातून त्या अधिक वेगाने जातात. भारत आणि आशिया यांच्यामध्ये पूर्वी असलेल्या टेथिस महासागराच्या बुडालेल्या तळाचे अवशेष भारताखालच्या प्रावरणात याच पद्धतीने ओळखले गेले आहेत.

शेवटी ३० ते ३२ अंश दक्षिण अक्षांशांसाठी दुसरा छेद काढावा. इथे रेखांशाचा अंश ९५ किलोमीटर धरावा. इथली रांग शंभरेक किलोमीटर खोलीवर जवळजवळ आडवी होते. भूपट्ट आणि खंड यांच्यामधली उष्ण प्रावरणाची पाचर उरत नसल्याने या भागात सक्रिय ज्वालामुखी नाहीत. तरीही ६,९६१ मीटर उंचीचा आकोन्काग्वा जवळच, थोडा दक्षिणेला आहे. त्याला आजची उंची उद्रेकांनी नव्हे, तर दाबाखाली आखडून जाड झालेल्या कवचाने दिली आहे.