भारत-चीन सीमेवरील तज्ज्ञांचे भाष्य कसे वाचावे

२१ ऑक्टोबर २०२४ रोजी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी पूर्व लडाखमधील गस्तीबाबत चीनशी समझोता झाल्याचे जाहीर केले आणि दोनच दिवसांनी रशियातील कझान येथील ब्रिक्स परिषदेच्या निमित्ताने पंतप्रधान मोदी व शी जिनपिंग यांची द्विपक्षीय भेट झाली. त्या आठवड्यात निवृत्त सेनाधिकारी, माजी राजदूत आणि चीनचे अभ्यासक या विषयावर भरभरून लिहीत-बोलत होते. कोणाला हे भारताच्या चिकाटीचे फळ वाटले, तर कोणाला ही वरवरची मलमपट्टी वाटली. अशा वेळी कोणाचे ऐकावे, हा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. मात्र बोलणाऱ्याच्या नावावर विसंबण्याआधी त्याच्या म्हणण्याचा आधार तपासता येतो आणि त्यासाठी लागणारी बहुतेक कागदपत्रे कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

सर्वप्रथम दोन्ही देशांची अधिकृत निवेदने काढून शेजारी-शेजारी ठेवावीत. भारताचे निवेदन परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळते आणि चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाचे निवेदनही बहुधा इंग्रजीत उपलब्ध असते. चर्चेनंतर संयुक्त निवेदन निघाले की दोघांनी स्वतंत्र निवेदने काढली, हे आधी पाहावे. स्वतंत्र निवेदने असतील तर एकात असलेले आणि दुसऱ्यात नसलेले प्रत्येक वाक्य वेगळे लिहून काढावे, कारण मतभेद बहुधा तिथेच दडलेला असतो. गलवानमध्ये १५ जून २०२० रोजी भारताचे २० जवान हुतात्मा झाल्यानंतर ५ जुलैला भारताचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार अजित डोभाल आणि चीनचे परराष्ट्र मंत्री वांग यी यांच्यात दूरध्वनीवर चर्चा झाली. भारताच्या निवेदनात प्रत्यक्ष नियंत्रण रेषेचा काटेकोर आदर राखण्यावर आणि ‘जैसे थे’ स्थिती एकतर्फी न बदलण्यावर भर होता. चीनच्या निवेदनात मात्र गलवानमध्ये कोण बरोबर आणि कोण चूक हे पुरेसे स्पष्ट आहे, असे बजावलेले होते. पुढे १८ डिसेंबर २०२४ रोजी बीजिंगमध्ये याच दोघांची सीमाप्रश्नावरील आपापल्या देशांचे विशेष प्रतिनिधी या नात्याने बैठक झाली, तेव्हा चीनने सहा मुद्द्यांवर सहमती झाल्याचे सांगितले. भारताच्या निवेदनात अशा सहाकलमी सहमतीचा उल्लेखच नव्हता. एखादा विश्लेषक अशा बैठकीनंतर ‘दोन्ही देशांचे एकमत झाले’ असे लिहीत असेल, तर त्याने कोणाचे निवेदन वाचले आहे हे पाच मिनिटांत कळते.

दुसरे काम म्हणजे तज्ज्ञ नेमक्या कोणत्या टप्प्याबद्दल बोलत आहे हे ओळखणे. पूर्व लडाखमध्ये तीन टप्पे मानले जातात. समोरासमोर भिडलेल्या तुकड्या मागे घेणे हा पहिला, सीमेलगतची जादा कुमक आणि शस्त्रसामग्री कमी करून तणाव उतरवणे हा दुसरा आणि सैन्य शांतताकाळातील मूळ तळांवर परत नेणे हा तिसरा. परराष्ट्र मंत्री जयशंकर यांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत पूर्व लडाखमधील पहिला टप्पा पूर्ण झाल्याचे सांगितले आणि यापुढे तणाव उतरवण्याला प्राधान्य राहील, असे स्पष्ट केले. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी अजूनही काही प्रमाणात कोंडी कायम असल्याचे म्हटले. वरवर पाहता ही विधाने परस्परविरोधी वाटतात आणि अनेक मथळे तशाच थाटात छापले गेले, पण टप्पे डोळ्यांसमोर ठेवले की दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात हे लक्षात येते.

बोलणारा कोणत्या जागेवरून बोलतो, हेही पाहावे. मात्र ते त्याचे म्हणणे निकालात काढण्यासाठी नव्हे, तर त्याच्या नजरेचा टप्पा समजण्यासाठी. १९९३ च्या सीमाशांतता कराराच्या वाटाघाटींत प्रत्यक्ष भाग घेतलेले शिवशंकर मेनन किंवा चीनमध्ये राजदूत आणि नंतर परराष्ट्र सचिव राहिलेले विजय गोखले यांना वाटाघाटींचे बारकावे आतून ठाऊक आहेत. उत्तर विभागात सेवा केलेल्या सेनाधिकाऱ्याला कोणती खिंड हिवाळ्यात किती दिवस बंद असते हे ठाऊक असते. अर्थतज्ज्ञ याच संबंधांकडे व्यापाराच्या आकड्यांतून पाहतो. सरकारच्या आतही एकच सूर असतो असे नाही. जुलै २०२४ च्या आर्थिक पाहणी अहवालाने चिनी थेट गुंतवणुकीकडे अधिक मोकळेपणाने पाहण्याची सूचना केली आणि काही दिवसांतच वाणिज्य मंत्री पीयूष गोयल यांनी असा कोणताही फेरविचार चालू नसल्याचे सांगितले. भारताची चीनबरोबरची व्यापारतूट २०२४-२५ मध्ये सुमारे ९९ अब्ज डॉलर होती. दिल्लीत हा आकडा कोणाला धोक्याचा इशारा वाटतो, तर कोणाला आपल्या कारखान्यांची निकड.

खरी परीक्षा असते ती तथ्यांवर एकमत असूनही निष्कर्ष वेगळे निघतात तेव्हा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस भारतीय सैन्याने पँगाँग सरोवराच्या दक्षिणेकडील कैलास पर्वतरांगेतील मोक्याच्या उंच जागा ताब्यात घेतल्या आणि फेब्रुवारी २०२१ च्या समझोत्यानुसार तेथून माघार घेतली. त्याच समझोत्यात चीननेही सरोवराच्या उत्तर काठावरून सैन्य मागे नेले. पूर्व लडाखमधीलच डेपसांग पठाराचा प्रश्न सुटण्याआधीच हातची सर्वांत मोठी सौदाशक्ती सोडून दिली, अशी टीका काही निवृत्त अधिकाऱ्यांनी केली. त्या उंच जागांमुळेच चीन वाटाघाटीला तयार झाला आणि तिथे हिवाळ्यामागून हिवाळे काढणे परवडणारे नव्हते, असा प्रतिवाद इतरांनी केला. अशा वादात कोण अधिक आवेशाने बोलतो यापेक्षा कोणाचे गृहीतक काय आहे ते लिहून ठेवावे. पहिल्या मतामागे, आणखी थांबलो असतो तर चीन डेपसांगमध्येही नमला असता, असे गृहीत आहे. दुसऱ्यामागे, थांबण्याची किंमत दिवसेंदिवस वाढत होती, असे. डेपसांग आणि डेमचोक या दोन ठिकाणांवर तोडगा (सुरुवातीला सांगितलेला ऑक्टोबर २०२४ चा समझोता) निघायला पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागला, त्यामुळे टीकाकारांच्या शंकेला काही आधार होता, असे मला वाटते. पण थांबल्याने तोडगा लवकर निघाला असता हेही त्यावरून सिद्ध होत नाही.

नकाशे आणि आकडे यांच्याबाबतीत थोडा संशयी स्वभाव ठेवलेला बरा. प्रत्यक्ष नियंत्रण रेषेची लांबी भारत ३,४८८ किलोमीटर मानतो, चीन मात्र ती सुमारे २,००० किलोमीटर धरतो. म्हणून ‘चीनने रेषा ओलांडली’ किंवा ‘ओलांडली नाही’ असे म्हणणारा तज्ज्ञ कोणाच्या समजुतीतील रेषेबद्दल बोलतो, हे विचारावेच लागते. उपग्रह छायाचित्र दाखवले असेल तर त्याची तारीख पाहावी. गस्त कोणाची होते, हे छायाचित्रातून कळत नाही. २०२० ते २०२२ या काळात गलवान, पँगाँग, गोग्रा आणि हॉट स्प्रिंग्ज येथे दोन्ही बाजूंनी गस्त न घालण्याचे निर्मनुष्य पट्टे ठरले. या पट्ट्यांमुळे, पँगाँगजवळच्या चुशूल भागातील स्थानिक लोकप्रतिनिधींनी आणि मेंढपाळांनी हिवाळी कुरणे हातची गेल्याची तक्रार वेळोवेळी केली आहे. दिल्लीतील चर्चासत्रांत हा मुद्दा क्वचितच येतो, म्हणून लेहमधून येणारे वार्तांकन आवर्जून वाचावे. चिनी अभ्यासकांचे लेखही वाचावेत, पण तिथल्या सरकारी माध्यमांत छापलेले मत आणि सरकारचे धोरण यांत अंतर फारसे नसते, हे ध्यानात ठेवून.

शेवटी, तज्ज्ञांची भाकिते तारखेसह टिपून ठेवावीत आणि सहा महिन्यांनी ताडून पाहावीत. ‘संबंध सुधारतील’ यासारखे विधान तपासता येत नाही, म्हणून ते टिपण्याचे कारण नाही. १९ ऑगस्ट २०२५ रोजी नवी दिल्लीत झालेल्या विशेष प्रतिनिधींच्या चोविसाव्या फेरीत सीमानिश्चितीसाठी तज्ज्ञगट नेमणे, सीमेच्या पूर्व आणि मध्य क्षेत्रांसाठी सेनाधिकाऱ्यांच्या पातळीवरील यंत्रणा उभारणे, तणाव उतरवण्यावर चर्चा सुरू करणे आणि वांग यी यांच्या त्याच दिल्ली भेटीत दोन्ही देशांमधील थेट विमानसेवा पुन्हा चालू करणे अशा गोष्टी ठरल्या. विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली; ते यादीतील सर्वांत सोपे कलम होते. पुढील फेरीचे निवेदन हाती आले की आधी सैन्यकपातीचा परिच्छेद शोधावा, त्यात तारीख किंवा ठिकाण दिले आहे का ते पाहावे आणि मगच त्यावरील लेख वाचायला घ्यावेत.