फाइलसिस्टिमचा कोड आवरायला घेताना

‘कर्नलमध्ये काम करायचंय, फाइलसिस्टिमपासून सुरुवात करू का?’ माटुंग्या-पवईची मुलं हे हमखास विचारतात. करा की. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा आणि फाइलसिस्टिम म्हणजे डिस्कवर फाइली कशा मांडायच्या ते सांभाळणारा त्याचा भाग. फक्त पहिल्याच फटक्यात ईएक्सटी४ सारख्या मोठ्या फाइलसिस्टिमला हात घालू नका.

आधी गिट लॉग, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंदवही, वाचा. २०१९ मध्ये लिनक्समध्ये माउंटची (फाइलसिस्टिम एखाद्या फोल्डरला जोडण्याची) नवी अंतर्गत रचना आली आणि त्यानंतर एकेक फाइलसिस्टिम तिच्यावर नेली गेली. मिनिक्ससारखी छोटी फाइलसिस्टिम निवडून तिचे पॅच (कोडमधले एकेक बदल) ओळीने वाचा. मी हे वाचन मुलुंड-सीएसएमटी स्लो लोकलमध्ये केलं. पॅच आधीच उतरवून घेतलेले, त्यामुळे नेटचं रडगाणं नाही.

फाइलसिस्टिम नव्या रचनेवर नेण्याचं हे काम वरवर कारकुनी वाटतं. खरी मेख माउंट करताना दिलेल्या पर्यायांत आहे. जुना कोड माउंटचे पर्याय वाचून थेट सुपरब्लॉकच्या (माउंट झालेल्या फाइलसिस्टिमची मुख्य नोंद) माहितीत लिहायचा. नव्या रचनेत पर्याय आधी वाचले जातात आणि पहिल्या माउंटच्या वेळी तेव्हा सुपरब्लॉक जन्मालाही आलेला नसतो. म्हणजे ब्लॉक साइजशी (फाइलसिस्टिम डिस्कचे ज्या मापाचे तुकडे करते ते माप) ताडून बघायचं ते सगळं पुढच्या टप्प्यात ढकलावं लागतं. रीमाउंटला (जोडलेलीच फाइलसिस्टिम नव्या पर्यायांनी पुन्हा माउंट करताना) उलटं: चालू मूल्यं नव्या कॉन्टेक्स्टमध्ये (वाचलेले पर्याय तात्पुरते ठेवायची जागा) आपणच भरून घ्यायची. नाहीतर वापरणाऱ्याने न उच्चारलेला पर्याय गुपचूप डिफॉल्टवर जाऊ शकतो. साध्या चाचणीत हे सापडतही नाही, कारण नुसतं फोल्डर देऊन रीमाउंट केलं की माउंट कमांड जुने पर्याय स्वतःच जोडून पाठवते. डिव्हाइस आणि फोल्डर दोन्ही देऊन बघा, मग पितळ उघडं पडतं.

कोड हलवायचा पॅच वेगळा, बदलायचा वेगळा. प्रत्येक पॅचनंतर कर्नल बिल्ड व्हायलाच हवा, नाहीतर पुढे कधीतरी बायसेक्ट करत, म्हणजे बिघाड नेमका कुठल्या पॅचने आला ते शोधत बसलेला माणूस तुमचा उद्धार करेल. आणि जाता जाता स्पेसिंग नीट करायचा मोह आवरा.

चाचणीला एक्सएफएसटेस्ट्स हे साधन. नाव एक्सएफएस या एका फाइलसिस्टिमचं असलं तरी ईएक्सटी४, बीटीआरएफएसलाही चालतं. पॅच लावण्याआधीचा निकाल जपून ठेवा. काही चाचण्या मुळातच नापास असतात. चाचणीसाठी दिलेली स्क्रॅच डिव्हाइस, म्हणजे कच्ची डिस्क, एक्सएफएसटेस्ट्स बिनदिक्कत फॉरमॅट करतं, तेव्हा कामाची डिस्क तिथे नको. लॅमिंग्टन रोडवर जुनी एसएसडी घ्या, नाहीतर क्यूईएमयू या आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली आभासी डिस्क फुकटच आहे.

पॅच पाठवण्याआधी मर्ज विंडो, म्हणजे नवे बदल कर्नलमध्ये घेतले जातात तो काळ, बघा. त्या दोन आठवड्यांत मेंटेनर (त्या त्या भागाची जबाबदारी असलेले लोक) स्वतःच्या घाईत असतात. त्यानंतर आरसी१ ही पहिली चाचणी-आवृत्ती निघाली की तिच्यावर रीबेस करा, म्हणजे आपले पॅच तिच्यावर नव्याने बसवा, मग पाठवा.