तारायंत्र-बिनतारीच्या इतिहासासाठी इंग्लंडला जायचंय? प्रवास अनुदानाचा अर्ज असा करा

1870 मध्ये मुंबई समुद्री केबलने इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधल्या पोर्थकर्नोशी जोडली गेली. 1927 मध्ये खडकी आणि दौंडच्या बीम केंद्रांमार्फत (रेडिओ लहरी एका ठरावीक दिशेने झोतासारख्या सोडणारी आणि टिपणारी केंद्रं) इंग्लंडशी थेट बिनतारी संदेशवहन सुरू झालं. यावर पीएचडी करायची तर निम्मी कागदपत्रं तिकडे आहेत. केबल कंपन्यांची दप्तरं पोर्थकर्नोच्या संग्रहालयात, मार्कोनी कंपनीची ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आणि इंडिया ऑफिसची (लंडनहून भारताचा कारभार पाहणारं ब्रिटिश सरकारचं खातं) ब्रिटिश लायब्ररीत. फेलोशिपमध्ये हा खर्च भागत नाही, म्हणून प्रवास अनुदान.

आधी अनुदान कशासाठी आहे ते नीट वाचा. 'सोसायटी फॉर द हिस्टरी ऑफ टेक्नॉलॉजी'ची प्रवास मदत तिच्या वार्षिक अधिवेशनात निबंध वाचणाऱ्यांसाठी असते. अभिलेखागारात बसण्यासाठी ती मागितली तर अर्ज पहिल्याच चाळणीत जातो. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट भारतीय संशोधकांना ब्रिटनमधल्या छोट्या मुक्कामासाठी मदत करतो. भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेचं परदेश प्रवास अनुदानही पाहा. अटी आणि मुदती बदलतात, तेव्हा त्या वर्षीची सूचनाच प्रमाण माना.

अर्जाचा जीव एका प्रश्नात असतो: हे कागद इथे बसून का पाहता येत नाहीत? म्हणून अर्ज लिहायला घेण्याआधी दोन आठवडे फक्त कॅटलॉगला द्या. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' पोर्टल आणि मुंबईचं राज्य अभिलेखागार आधी धुंडाळा. जे इथे मिळतं त्यासाठी कोणी विमानाचं तिकीट देत नाही, आणि परीक्षकाला ते पोर्टल ठाऊक असतं. मग तिकडच्या फाइलींची यादी करा: संदर्भ क्रमांक, वर्षं, आणि त्यातून काय शोधणार ते एका ओळीत. पंधरा-वीस नोंदी पुरतात. 2023 च्या सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीच्या सेवा बराच काळ विस्कळीत होत्या, त्यामुळे हवी ती फाइल खरंच वाचायला मिळणार का, हे ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर अर्जाला जोडा. हा एक कागद पानभर प्रस्तावनेपेक्षा जास्त काम करतो.

'ब्रिटनमध्ये माझ्या विषयाची विपुल सामग्री आहे' हे वाक्य खोडा. त्याजागी लिहा: 'खडकी केंद्रावरच्या भारतीय ऑपरेटरांची भरती आणि पगार कोण ठरवत होतं, हे तपासण्यासाठी पुढील सहा फाइली पाहायच्या आहेत.'

दिवसांचा हिशोब बहुतेकांचा इथेच चुकतो. फोटो काढत गेलात तर दिवसाला कागदपत्रांची चार-पाच खोकी होतात. टिपणं काढत वाचलंत तर एखादंच. शनिवार-रविवार वाचनकक्ष मिळेलच असं धरू नका. बोडलियनमध्ये पहिल्या दिवशी रीडर कार्ड काढावं लागतं, आणि ग्रंथालयात आग पेटवणार नाही अशी जुनी शपथही घ्यावी लागते. ती सकाळ वाचनात धरू नका. लंडनहून पेन्झान्सपर्यंत रेल्वेने पाच तासांच्या वर लागतात, पुढे पोर्थकर्नोला बस. जायला एक दिवस, यायला एक, मध्ये आधी वेळ ठरवून वाचन. तिन्ही संग्रहांना मिळून तीन आठवडे मागा. दहा दिवसांत सगळं उरकतो म्हणणारा अर्ज परीक्षकाला कच्चा वाटतो.

अंदाजपत्रकात विमान, व्हिसा, विमा, निवास, जेवण, तिथला प्रवास आणि फोटोचं शुल्क वेगवेगळं दाखवा. पौंडाचा दर कोणत्या तारखेचा तेही लिहा. बहुतेक अनुदानं खर्चाचा एक वाटाच उचलतात. उरलेला कुठून येणार हे सांगितलं नाही तर प्रवास होणारच नाही अशी शंका येते.

गाईडकडे शिफारसपत्र मुदतीच्या तीन आठवडे आधी मागा, सोबत फाइलींची यादी द्या. नाहीतर 'विद्यार्थी मेहनती आहे' एवढंच पत्र येतं. विद्यापीठाची एनओसी 'थ्रू प्रॉपर चॅनल' जायला महिनाही लागतो, म्हणून ती सगळ्यात आधी टाका.

सरकारी पैशातून तिकीट काढायचं असेल तर ते अधिकृत एजंटकडूनच घ्यायची अट आहे का, हे बुकिंगच्या आधी लेखी विचारा. मंजूर झालेला पैसा पुष्कळदा परत आल्यावरच मिळतो, तोही बोर्डिंग पास, मूळ पावत्या आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला) दिल्यावर. थर्मल कागदावरच्या पावत्या काही महिन्यांत पुसट होतात. त्या रोज रात्री फोनवर स्कॅन करून ठेवा.