मुंबईत बुजवलेला समुद्र कसा शोधाल

मी भूगोल शिकवते. मुलांना 'मुंबई सात बेटांची' हे पाठ असतं, पण बेटांच्या मधलं पाणी कुठे होतं असं विचारलं की वर्ग गप्प होतो. ते पाणी पायी फिरून सापडतं. कसं, ते सांगते.

आधी कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही सात नावं आजच्या नकाशावर पेन्सिलने गोल करा. दोन गोलांमध्ये जी जागा उरते तिथेच आपल्याला जायचं आहे.

मग भरतीची वेळ काढा. आपल्याकडे किनाऱ्यावर जुना हिशोब आहे : तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी आणि ओहोटी भरतीनंतर सहा तासांनी. हा अंदाज आहे, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यात पाहून घ्या. पण मुलांना कॅलेंडर देऊन हिशोब करायला लावा. चंद्र आणि समुद्राचं नातं त्यांना पुस्तकापेक्षा लवकर कळतं. फिरायला पौर्णिमा किंवा अमावास्या निवडा. त्या दिवसांत उधाण असतं, दुपारी बाराच्या सुमारास भरती आणि संध्याकाळी ओहोटी, म्हणजे दोन्ही एकाच दिवशी दिसतात.

सुरुवात महालक्ष्मी स्टेशनवरून करा. केशवराव खाड्ये मार्गाने पश्चिमेकडे चालत निघा, रेसकोर्स उजवीकडे राहील. हाजी अलीच्या नाक्यावर उजवीकडे वळलात की लाला लजपतराय मार्ग लागतो. इथे थांबा. हा साधा रस्ता नाही, हा बांध आहे. मुंबई आणि वरळी या दोन बेटांमधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत शिरायचं आणि भायखळ्यापर्यंतचा सखल भाग बुडवायचं. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात ते खिंडार बुजवलं आणि 1784 च्या सुमारास बांध पुरा झाला. म्हणून याचं जुनं नाव हॉर्नबी वेलार्ड, म्हणजे हॉर्नबीचा बांध. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता, समुद्रातून देवीच्या मूर्ती काढून त्यांची स्थापना केली तेव्हाच तो टिकला, अशी महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका आहे. मला ती फार आवडते, कारण समुद्र अडवणं किती अवघड होतं हे तिच्यात नोंदलं गेलं आहे.

आता रेसकोर्सकडे बघा आणि तिथे पाणी आहे अशी कल्पना करा. मग समुद्राकडे वळा. भरतीला समुद्रातल्या हाजी अली दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते आणि ओहोटीला उघडी पडते. बांध नसता तर हेच पाणी तुमच्या पाठीमागेही आलं असतं. कोस्टल रोडसाठी याच किनाऱ्यावर पुन्हा भराव पडला आणि 2024 पासून त्यावर गाड्या धावतात. भराव घालायचं काम या शहरात कधी थांबलेलंच नाही.

दुसरा थांबा चर्चगेटजवळचं ओव्हल मैदान. हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर पाठीशी घेऊन उभे राहा. या दोन्ही इमारती 1878 मध्ये पुऱ्या झाल्या, आणि तेव्हा मैदानापलीकडे थोड्याच अंतरावर समुद्र होता. समोर दिसणारी आर्ट डेको इमारतींची रांग मुख्यतः 1930 च्या दशकातली, बॅकबेच्या, म्हणजे मरीन ड्राइव्हसमोरच्या उपसागराच्या, भरावानंतरची. दोन रांगांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभं राहिलं की किनारा किती पुढे सरकला ते डोळ्यांनी मोजता येतं. पाठीमागच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि समोरच्या आर्ट डेको, अशा दोन्ही शैलींच्या इमारतींना 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली.

कॉजवे म्हणजे पाण्यातून बांधलेला रस्ता. कुलाबा कॉजवेवर (1838) खरेदीची गर्दी इतकी असते की जुनं पाणी शोधायला मन लागत नाही. माहीमचा कॉजवे मात्र चुकवू नका. तो 1845 मध्ये खुला झाला आणि त्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी 1,57,000 रुपये दिले होते. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी तिथे अजून दिसते.

पावसाळ्यात परळ-दादरकडच्या सखल हिंदमाता भागात पाणी तुंबलं की लोक चिडतात, आणि चिडणं रास्तच आहे. पण मुलांना त्याचं कारणही दाखवा. पावसाचं पाणी नाल्यांतून उतारानेच समुद्रात जातं. नाल्यांची बहुतेक मुखं भरतीच्या पातळीखाली आहेत. समुद्र वर आला की वाट बंद होते आणि पाणी सखल भागात साचतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यात दुपारी मोठी भरती होती. आता हाजी अली, लव्हग्रोव्ह अशा ठिकाणी पंपिंग स्टेशनं आहेत, हिंदमातासाठी जमिनीखाली साठवण टाक्याही बांधल्या आहेत. मात्र जोराच्या पावसात उधाणाची भरती असेल त्या दिवशी मुलांना घेऊन बाहेर पडू नका. हा धडा घरात बसून, भरतीच्या तक्त्याशेजारी पावसाचे आकडे लिहून करा.

शेवटी सायनचा किल्ला. तो 1669 ते 1677 या काळात बांधला, तेव्हा इंग्रजांच्या ताब्यातलं परळ बेट इथे संपायचं आणि खाडीपलीकडे साष्टी, म्हणजे उत्तरेकडचं मोठं बेट, लागायची. वरून ईशान्येला नजर टाका, मिठागरांचा आणि खाडीचा भाग शोधा, आणि सकाळी काढलेल्या पेन्सिलच्या गोलांशी ताडून बघा. चढ फार नाही, पण वर सावली कमी आहे. पाणी आणि टोपी बरोबर असू द्या.