पेरणी तोंडावर आलीय, तणनाशक मारण्याआधी वावरातल्या भेगा बघून घ्या

भाऊ हो, तणनाशकाच्या बाटल्या घरी येऊन पडल्या असतील म्हणून आत्ताच सांगतो. आपल्या काळ्या जमिनीतली चिकणमाती आणि कुजलेला काडीकचरा औषधाला धरून ठेवतो, तिथलेच जिवाणू मग त्याला हळूहळू तोडतात. पण हे काम मुख्यतः वरच्या फूट-दीड फुटातच होतं. खाली मुरूम लागला की ना सेंद्रिय कर्ब ना तेवढे जिवाणू, तिथवर पोचलेलं औषध पाण्यासोबत सरकत विहिरीच्या झऱ्याला लागतं आणि लवकर विरतही नाही.

सगळी औषधं सारखी नसतात. सोयाबीन पेरल्यावर लगेच मारतो ते पेंडीमेथालिन मातीला घट्ट चिकटतं, वरच्या थरातच राहतं. उगवल्यावरचं इमाझेथापायर मात्र पाण्यासोबत चालणारं, त्यात आपल्या जमिनीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लपणाचं माप) बहुतेक ठिकाणी आठच्या आसपास, तिथं त्याची पकड अजूनच ढिली. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, तुडतुड्यांसाठी मारतो ते इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झामही पेंडीमेथालिनसारखं घट्ट बसत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती भेगांची. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि जोराचा पाऊस आला की पाणी मातीतून झिरपत बसत नाही, सरळ भेगेतून खाली उतरतं, म्हणजे काळ्या मातीला औषध धरायला वेळच मिळत नाही. म्हणून वखराची पाळी देऊन, एक-दोन चांगले पाऊस होऊन भेगा मिटू द्या, मगच पंप उचला, आणि हवामान खात्यानं मुसळधार सांगितला असेल तर दोन दिवस थांबाच.

विहिरीच्या काठावर पंप भरणं कृपा करून बंद करा. बोअरच्या केसिंगभोवती माती खचून खड्डा झाला असेल तर तिथं सांडलेलं औषध मातीत न मुरता पाइपाच्या कडेनं थेट खाली जातं, तो खड्डा आजच चिकणमातीनं ठोकून भरा. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता. पाणी खराब झालं तरी रंग-वास बहुतेक कळत नाही, उकळून प्यालं म्हणून औषध निघून जात नाही, आणि तेच पाणी लेकरं पितात हो.

बरड, म्हणजे हलक्या मुरमाड वावरात तर डवरा आणि निंदणच बरं, मजूर मिळत नाही हे मान्य आहे, पण निदान विहिरीच्या वरच्या अंगाची आठ-दहा तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, तरी फवारणीतून सोडा. शेणखत जेवढं जमेल तेवढं टाका आणि पुढच्या वेळी पऱ्हाट्या जाळू नका, बारीक करून वावरातच कुजवा, त्यानं माती औषध जास्त धरते.