'नाच रे मोरा' मुलांना कसे शिकवावे

मूल अडीच-तीन वर्षांचे झाले आणि बाहेर पाऊस लागला की मराठी घरात 'नाच रे मोरा' आपोआप ओठांवर येते. राम गबाले यांनी दिग्दर्शित केलेल्या 'देवबाप्पा' या १९५३ सालच्या चित्रपटातले हे गाणे. तो चित्रपट आज फार थोड्यांनी पाहिलेला आहे, गाणे मात्र आजी, आई आणि नात अशा तिघींना एकाच चालीत पाठ असते. अलीकडे ते मुलांपर्यंत बहुधा मोबाइलच्या पडद्यावरून पोहोचते आणि त्यामुळे चाल पटकन येते, पण शब्द अर्थाविनाच तोंडी बसतात. गाण्याबरोबर त्यातला पाऊस, त्यातल्या वस्तू आणि ते घडवणाऱ्यांची नावेही मुलाला मिळावीत, असे वाटणाऱ्या आईवडिलांसाठी आणि आजीआजोबांसाठी ही रीत लिहीत आहे. माझ्या दोन्ही नातवंडांना मी ते असेच शिकवले.

सुरुवात शक्यतो पावसाळ्यातच करावी. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग लागतो, आभाळ भरून येते, तेव्हा मुलाला कडेवर घेऊन खिडकीशी किंवा ओसरीत उभे राहावे आणि स्वतः गावे. मूळ ध्वनिमुद्रण नंतर जरूर ऐकवावे, पण पहिल्यांदा गाणे घरच्या माणसाच्या तोंडून कानावर पडू द्यावे. 'माझा गळा बरा नाही' असे म्हणून अनेक जण मागे सरतात. लहान मुलाला ओळखीचा आवाज हवा असतो, सुरांची सफाई तो पाहत नाही. मात्र पट्टी मुलाच्या सोयीची धरावी. वडील किंवा आजोबा आपल्या सवयीने काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, गायला लागले की मुलाचा आवाज तिथपर्यंत उतरत नाही आणि ते नुसते बोलू लागते. पेटी घरी असेल तर काळी चारच्या आसपास सूर धरून पाहावा.

चारही कडवी एकदम शिकवू नयेत. या गाण्याची रचना नीट पाहिली तर त्यात पावसाची एकच सर सुरुवातीपासून शेवटापर्यंत येऊन जाते. पहिल्या कडव्यात ढग आणि वारा यांची झुंज होते आणि वीज चमकते, दुसऱ्यात धारा कोसळतात आणि झाडे भिजतात, तिसऱ्यात थेंब तळ्यात नाचू लागतात आणि पानांवर वाजू लागतात, चौथ्यात पाऊस थांबतो आणि इंद्रधनुष्य उमटते. सरीच्या जोडीने मूल आणि मोर यांचे नातेही पुढे सरकते. आरंभी मूल मोराला 'आता तुझी पाळी' असे बजावते, तिसऱ्या कडव्यात दोघे मिळून खेळतात आणि शेवटी त्यांची जोडी जमते. एवढे साधे वाटणारे गाणे इतक्या विचाराने बांधलेले आहे, हे मला स्वतःला शिकवताना उमगले. पाठांतरासाठी त्याचा फार उपयोग होतो. मूल मध्येच अडले तर शब्द पुरवू नयेत, 'मग पावसाचे काय झाले?' एवढेच विचारावे. बहुतेक वेळा त्याला पुढचे कडवे आपणहून आठवते. चौथे कडवे मात्र थोडे राखून ठेवावे. त्याविषयी शेवटी लिहिले आहे.

सर्वांत अधिक वेळ शब्दांना द्यावा, कारण हाताला न लागलेली वस्तू मुलाच्या लक्षात राहत नाही. ढग म्हणजे पिंजलेला काळा कापूस, ही पहिल्या कडव्यातली कल्पना ज्या काळात सुचली त्या काळी पिंजारी खांद्यावर धनुकली घेऊन दारोदार येत असे. गादी उसवून दडपलेला कापूस तो अंगणात काढी आणि तारेच्या टणत्कारासरशी तो फुलून वर उडू लागे. आज हे दृश्य दाखवता येणार नाही, पण देवघरात वातींसाठी ठेवलेला कापूस असतोच. त्याचा सुपारीएवढा गोळा मुलाच्या हातात द्यावा आणि दोन्ही हातांच्या चिमटींनी तो हळूहळू ओढून सोडवायला सांगावा. धाकट्या नातवाने असा कापूस पाटावर पसरला, तो चहूबाजूंनी फुगत गेला आणि त्याने तो खिडकीशी नेऊन बाहेरच्या ढगांशेजारी धरून पाहिला. त्यानंतर त्या ओळीचा अर्थ मला सांगावा लागला नाही.

दुसऱ्या कडव्यात इरले येते आणि हा शब्द आता मोठ्यांनाही अडतो. भातलावणीच्या वेळी वाकून काम करताना पाठ भिजू नये आणि दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून कोकणात आणि मावळ-मुळशीकडे शेतकरी डोक्यावरून पाठीवर इरले घेत. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करून त्यात पाने दाबून बसवलेली ती जणू पालथी घातलेली होडीच असते. प्लास्टिकचा कागद आल्यापासून ती दिसेनाशी झाली. एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर किंवा गावाकडच्या संग्रहालयात इरले असेल तर मुलाला मुद्दाम दाखवावे, नसेल तर केळीचे मोठे पान डोक्यावरून पाठीवर धरून पावसात चार पावले चालवावे. एकदा ते कळले की पानांचा दाट पसारा म्हणजे झाडांनी घेतलेली इरली, ही प्रतिमा मुलाला आपोआप कळते. तिसऱ्या कडव्यात मोराला निळा सवंगडी म्हटले आहे. तिथे गोपाळकाल्याची आणि कृष्णाच्या सवंगड्यांची आठवण करून द्यावी, म्हणजे मोरपिसाशीही दुवा जुळतो.

हातवारे फारसे बसवू नयेत. विजेच्या टाळीला मुलाने खरोखर टाळी द्यावी आणि 'नाच' या शब्दावर पाय आपटावा, एवढे पुरे; बाकीचे मूल स्वतः शोधते. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी पिसारा करायचा असल्यास तो कागदाचा किंवा कापडाचा करावा. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि त्याला इजा करणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. पावसाळा सरताना मोराची पिसे आपसूक गळतात, ती सापडली तर मुलाला आनंदाने द्यावीत. जिवंत मोर दाखवणे सर्वांत उत्तम. पुण्याजवळ राहणाऱ्यांना शिरूर तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीला पहाटे जाता येईल. मोराच्या विणीचा हंगाम पावसाच्याच सुमारास असतो आणि लांडोरीसाठी तो पिसारा फुलवतो, हेही जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगावे.

आता नावांविषयी. एका शाळेच्या कार्यक्रमात निवेदिकेने हे गाणे 'पारंपरिक बालगीत' म्हणून जाहीर केले आणि सभागृहात कुणालाही ते खटकले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. गाणे इतके आपले झाले की त्याला कर्ता उरला नाही, हा त्याचा गौरव असेलही, पण कर्त्यावर तो अन्याय आहे. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल पु. ल. देशपांडे यांची आणि आवाज आशा भोसले यांचा, हे वाक्य मुलाला गाण्याबरोबरच पाठ करायला लावावे. माडगूळकर आणि देशपांडे दोघेही १९१९ साली जन्मलेले, म्हणजे हे गाणे केले तेव्हा पस्तिशीच्या आतले; आशाबाई तर विशीच्या उंबरठ्यावर होत्या. पुढे दोनच वर्षांनी पुणे आकाशवाणीवरून घरोघरी पोहोचलेले 'गीतरामायण' याच कवीच्या लेखणीतून उतरले, हे मोठ्या मुलांना सांगितले तर त्यांना नवल वाटते. पुलंना आपण विनोदी लेखक म्हणूनच ओळखतो. लहान मुलाच्या तोंडी सहज बसेल अशी चाल बांधणारा संगीतकार म्हणूनही त्यांची ओळख मुलांना करून द्यावी.

घरातल्या वडीलधाऱ्यांकडून हे गाणे एकदा ध्वनिमुद्रित करून ठेवावे. पंखा बंद करावा, मोबाइल हातभर अंतरावर ठेवावा आणि गाण्याआधी पाच मिनिटे नुसत्या गप्पा माराव्यात: ते कुणाकडून ऐकले, कोणत्या गावी, तेव्हा घरी रेडिओ होता का. माझ्या आईने ते शेजारच्या काकूंकडून शिकले होते आणि एक ओळ ती जन्मभर वेगळीच गात राहिली. अशा ठिकाणी तिला थांबवून सुधारू नये, मुलाला मात्र मूळ शब्दच शिकवावेत. फाइलला नाव आणि तारीख देऊन तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात. घरी आपण कितीही गावे, पण मूळ ध्वनिमुद्रण जोडून केलेला व्हिडिओ जाहीरपणे टाकताना हक्कांचा विचार करावा. कवीच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या शब्दांचा हक्क टिकतो आणि माडगूळकर १९७७ साली गेले.

परदेशातल्या मराठी शाळांत शिकवणाऱ्यांपुढे अडचण वेगळी असते, कारण तिथल्या मुलाने आमराई पाहिलेली नसते आणि पाऊस त्याच्या लेखी कंटाळवाणा असतो. त्यांनी तिथल्या पावसाळी दिवशी वर्गाची खिडकी उघडून आधी नुसता आवाज ऐकवावा आणि तिसऱ्या कडव्यापासून आरंभ करावा, कारण पानांवर वाजणारे थेंब सगळीकडे सारखेच असतात.

राखून ठेवलेले चौथे कडवे शिकवण्यासाठी उन्हापावसाची संध्याकाळ गाठावी. पाऊस नुकताच थांबलेला असावा आणि पश्चिमेकडे ऊन पडलेले असावे. मुलाला गच्चीवर न्यावे, सूर्याकडे पाठ करून उभे करावे आणि पूर्वेच्या आभाळात सप्तरंगी कमान शोधायला सांगावे. पहिल्या खेपेस ती दिसेलच असे नाही. माझ्या नातीला तिसऱ्या संध्याकाळी दिसली आणि मी पहिला शब्द उच्चारायच्या आतच तिने मोराला हाक मारली.