दुखापतीतून सावरताना सोने धुण्याचा छंद: सोलापुरात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

मोठ्या अपघातानंतर हाडे जुळत असतात त्या दिवसांत हातांना काम हवे असते, पण वजन उचलायची, वाकायची मुभा नसते. पॅनमध्ये, म्हणजे उथळ पसरट थाळीत, वाळू धुऊन जड कण वेगळे करण्याचा छंद अशा वेळी चांगला सोबत करतो. बसून करता येतो, घरी करता येतो, दहा मिनिटे करून थांबता येतो. तो बिघडतो बहुधा एकाच कारणाने: सुरुवातच खाणीवरच्या मजुराच्या हिशेबाने होते. सोने स्वतःच्या वजनाने खाली बसते, त्याला आपला जोर लागत नाही. कमी माल, हलका हात आणि वरचेवर हलवणे यांनी हाड जपले जाते आणि पॅनमधले सोनेही त्यामुळेच टिकते. खालच्या सगळ्या सूचना डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टने घातलेल्या मर्यादेच्या आत राहून वापरायच्या आहेत. त्यांनी हात टेकवू नका म्हटले असेल तर टेकवायचा नाही.

पॅन गच्च भरणे

नेहमीचा पॅन 35 सेंटिमीटरचा असतो. तो ओल्या वाळूने काठोकाठ भरला की सात-आठ किलोचा होतो. दहा लिटरची बादली ओल्या वाळूने भरली तर वजन वीस किलोच्या आसपास जाते. मनगटात प्लेट असताना किंवा कंबरेच्या मणक्याचे ऑपरेशन झालेले असताना हे वजन उचलणे म्हणजे महिनाभराची सुधारणा एका सकाळी घालवणे.

शिवाय भरलेल्या पॅनमध्ये सोने टिकत नाही. हलवल्यावर वरचा थर सरकतो, तळाचा जागचा हलत नाही. वरच्या थरात असलेला सोन्याचा कण तळापर्यंत पोचायच्या आत वाळूबरोबर काठावरून निघून जातो. मग माणूस म्हणतो, मालातच काही नव्हते.

सावरण्याच्या काळात 25 सेंटिमीटरचा पॅन घ्या आणि एका वेळी अर्ध्या लिटरचा एकच मग ओली वाळू टाका. ती साधारण एक किलो भरते. पॅन सतत पाण्याखाली ठेवला तर हातावर तेवढाही भार येत नाही, कारण बेसाल्टची, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या दगडाची वाळू पाण्यात बुडाली की तिचे वजन जवळजवळ एक तृतीयांशाने कमी जाणवते. टबात एक जड वाडगे उपडे ठेवून पॅन त्यावर टेकवला तर मनगटाला फक्त दिशा द्यायचे काम उरते. एक हात झोळीत असेल तर याच पद्धतीने दुसऱ्या हाताने पॅनच्या काठावर हलके ठोके देऊन थर बसवता येतात. वेळ जास्त लागतो, पण काम नीट होते.

उकिडवे बसून धुणे

जमिनीवर परात आणि आपण उकिडवे, ही आपली जुनी सवय. खुब्याचे ऑपरेशन झालेल्याने असे बसणे धोक्याचे आहे. खुब्यातून पाय काटकोनापेक्षा जास्त दुमडू नका असे सांगितलेले असते, आणि उकिडव्यात तो कितीतरी जास्त दुमडतो. मणक्याच्या रुग्णाला वाकणे, उचलणे आणि कंबरेतून वळणे या तिन्ही गोष्टींची मनाई असते. जमिनीवरच्या परातीत तिन्ही एकदम होतात.

खुर्ची साधारण 45 सेंटिमीटर उंचीची असते. तिच्यासमोर तेवढ्याच उंचीचे लाकडी किंवा लोखंडी स्टूल ठेवा आणि त्यावर 20 सेंटिमीटर खोल टब. टबाचा काठ कोपराच्या किंचित खाली येतो आणि खांदे वर चढत नाहीत. खुब्याचा रुग्ण खुर्चीवर घट्ट उशी घेऊन बसेल. गुडघा खुब्यापेक्षा खाली राहिला पाहिजे, आणि उशीने जितके वर जाल तितका टबही वर घ्या. प्लास्टिकचे स्टूल या कामाला नको, टबात पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो असतात आणि त्या भाराने त्याचे पाय फाकतात.

टब रिकामा असतानाच स्टुलावर ठेवायचा, मगाने किंवा नळीने तिथेच भरायचा आणि नळीनेच उपसायचा. भरलेला टब कोणीही उचलू नये, घरच्यांनीसुद्धा. कच्च्या वाळूचा डबा आणि धुतलेल्या वाळूची बादली समोर, हात लांब केल्यावर पोचेल इतक्या अंतरात असावी. बादली पाठीमागे किंवा खुर्चीच्या बाजूला जमिनीवर ठेवली की प्रत्येक मगाला कंबर पिळली जाते. हाताखाली जुना सोलापुरी टॉवेल गुंडाळून टबाच्या काठावर ठेवला तर काठ हाताला रुतत नाही.

फरशीकडे लक्ष असू द्या. वाळूमिश्रित पाण्याचे चार थेंबही कुबडीच्या रबराखाली आले की कुबडी घसरते. टबाखाली मोठा ट्रे ठेवा आणि उठण्याआधी पायाखालची जागा कोरडी करून घ्या.

भीमेवर किंवा सीनेवर सोने शोधायला जाणे

सोलापूर जिल्हा दख्खनच्या बेसाल्टवर बसलेला आहे. हा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. भीमा आणि सीना दोन्ही नद्या वरून इथपर्यंत याच खडकातून येतात. नदीत सोने यायला वरच्या बाजूला सोने असलेला खडक लागतो, आणि तो इथे नाही. कर्नाटकातली हट्टीची सोन्याची खाण सोलापूरच्या दक्षिणेला रायचूर जिल्ह्यात, ‘धारवाड’ नावाच्या कितीतरी जुन्या खडकांत आहे. तिथले सोने वाहत येऊन भीमेत पडेल असा पाण्याचा उतारच नाही. कोलारची खाण तर 2001 मध्येच बंद झाली.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. खाण व खनिजे (विकास व नियमन) कायदा, 1957 प्रमाणे परवान्याशिवाय खनिजाचा शोध घेता येत नाही आणि छंदासाठी वेगळी सवलत नाही. नदीपात्रातली साधी वाळू विनापरवाना उचलली तरी महसूल खात्याचा दंड बसतो. काठीच्या आधाराने चालणाऱ्या माणसाने वाळूच्या खड्ड्यांनी पोखरलेल्या पात्रात उतरणे हा तर वेगळाच धोका.

तेव्हा सोलापुरात हा छंद टबातच करावा. सरावाची वाळू बांधकामाच्या दुकानातून पावतीसह एक-दोन घमेली आणवा. क्रश सँड घेतली तर तिच्यात दगडाची पूड फार असते. ती चार-पाच पाण्यांनी निवळून काढल्याशिवाय पाणी दुधासारखे राहते आणि तळ दिसत नाही.

सरावात काय शोधायचे हेच न ठरवणे

मोजून टाकलेले आणि मोजून काढलेले कण नसतील तर हात सुधारतोय की नाही हे कधीच कळत नाही. चावी बनवणाऱ्याच्या मशीनखाली पितळेचा कीस पडतो, तो चिमूटभर मागून आणा. लोखंडाचे कण चुंबकाने आधी काढून टाका. पाण्याची घनता 1 धरली तर पितळेची साधारण 8.5, बेसाल्टची 2.9 आणि शुद्ध सोन्याची 19.3. पितळ पॅनमध्ये टिकवता आले तर सोने त्याहून सहज टिकते.

हात बसल्यावर सोनाराकडून 22 कॅरेटच्या पातळ पत्र्याचे 100 मिलिग्रॅम वजन करून, पावतीसह घ्या. बारीक कात्रीने मिलिमीटरभराचे दहा तुकडे करा आणि एका मग वाळूत मिसळा. दहापैकी नऊ परत आले तर तंत्र बरोबर आहे. सहा-सात आले तर दोष पॅन जास्त तिरका केल्याचा किंवा घाईचा. हरवलेले तुकडे कुठे जात नाहीत, ते टबाच्या तळाशी असतात. म्हणून धुतलेली वाळू लगेच फेकू नये, पुन्हा धुवावी.

सराफ बाजारातली झाडलोट धुऊन सोने काढणारे झारेकरी पिढ्यानपिढ्या हे काम करत आले आहेत. त्यांचे हात पाहण्यासारखे असतात. पण ते वापरतात तसा पारा आणि नायट्रिक अॅसिड घरात आणू नका. पाऱ्याची वाफ आणि अॅसिडचा धूर दोन्ही फुफ्फुसांना घातक आहेत, आणि छाती किंवा बरगड्या दुखावलेल्या माणसाला त्यातून सावरायला आणखी जड जाते.

न चाळता, थर न बसवता थेट धुणे

2 मिलिमीटरचा बेसाल्टचा खडा 1 मिलिमीटरच्या सोन्याच्या कणापेक्षा वजनाला जास्त भरतो. आकार मिसळलेले असले की जड-हलक्याचा निवाडा होत नाही. सिव्हिल इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळेत वापरतात त्या 2.36 मिलिमीटर, 1.18 मिलिमीटर आणि 600 मायक्रॉनच्या चाळण्या उत्तम. नसतील तर वाळूची एक बारीक चाळणी आणि पिठाची जुनी चाळणी एवढ्यावर भागते. चाळण पाण्यात बुडवून करायची, म्हणजे धूळ उडत नाही आणि हातही कमी झटकावा लागतो. प्रत्येक आकाराची वाळू वेगळी धुवा.

माल काळ्या मातीचा असेल तर रात्रभर भिजवा. मातीचा गोळा पॅनमध्ये घरंगळताना तळाचे बारीक कण स्वतःला चिकटवून घेतो आणि बाहेर घेऊन जातो. गोळे पाण्यात बोटांनी फोडा. पकड वाढवायचा व्यायाम सांगितलेला असेल तर तो यात आपोआप होतो.

आता धुणे. पॅन पाण्याखाली आडवा धरून पंधरा-वीस सेकंद डावी-उजवीकडे झटपट हलवा. मग पुढची कड थोडीच खाली करा, बोटभर. पाणी आत येऊ द्या आणि वरचा पातळ थर घेऊन बाहेर जाऊ द्या. असे चार-पाच वेळा झाले की पॅन पुन्हा आडवा करून पुन्हा थर बसवा. बहुतेकांचे सोने हा पुन्हा थर बसवायचा टप्पा गाळल्यामुळेच जाते. उतार जास्त दिला तर थरच्या थर एकदम सरकतो. हालचाल कोपरापासून करा, मनगट सरळ ठेवा. डोक्याला मार लागलेल्यांनी पाणी गोल फिरवू नये. फिरत्या पाण्याकडे टक लावून पाहिले की गरगरते, आणि काम डावी-उजवीकडे हलवूनही तितकेच होते.

बारीक पिवळे कण पाण्यावर तरंगताना दिसले तर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका. जास्त टाकले तर फेसाखाली काहीच दिसत नाही. नवा प्लास्टिकचा पॅन तेलकट असतो, साबणाने धुऊन आतून बारीक पॉलिश पेपर फिरवून घ्या. स्टीलची परात चमकते, त्यात बारीक कण डोळ्यांना सापडत नाहीत. गडद हिरवा किंवा काळा रंग बरा.

ओल्या काळ्या वाळूत चुंबक बुडवणे

आपल्याकडच्या वाळूत मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारे काळे लोहखनिज, भरपूर. शेवटी पॅनमध्ये चमचाभर काळी वाळू उरते आणि हात चुंबकाकडे जातो. ओल्यात चुंबक बुडवला की काळ्या कणांचा झुपका बनतो आणि त्यात सोने अडकून बाहेर येते. वाळू पूर्ण वाळवा, कागदावर पसरा, चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून एक सेंटिमीटर वरून फिरवा. पिशवी दुसऱ्या कागदावर नेऊन चुंबक आतून काढून घ्या. दोन-तीन वेळा हेच करा.

पायात रॉड आहे, चुंबक चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. हल्ली हाडांत घालतात ते टायटॅनियम किंवा 316एल स्टील, हातातला चुंबक ते ओढत नाही. पेसमेकर असेल, किंवा डोक्याच्या ऑपरेशनमध्ये बाहेरून जुळवता येणारा शंट (मेंदूतले जास्तीचे पाणी काढणारी नळी) बसवला असेल, तर मात्र जोरदार चुंबक हातातच घेऊ नका. ते काम दुसऱ्याला द्या.

दुखणे दाबून काम पुढे रेटणे

सुरुवातीला दहा मिनिटे काम, मग उठून परवानगी असेल तेवढे चालणे. उठता येत नसेल तर घोटे वर-खाली हलवणे. दिवसात दोन बैठका पुरे. काम संपल्यावर दोन तासांनीही दुखणे वाढलेले असेल, किंवा दुसऱ्या दिवशी सूज जास्त असेल, तर पुढच्या वेळी माल आणि वेळ दोन्ही निम्मे करा. वेदनाशामक गोळी घेऊन लगेच बसले तर हा अंदाजच चुकतो. मज्जातंतूंच्या दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी झापड येते. त्या तासात टब आणि ओली फरशी दोन्ही टाळा.

टाके, उघडी जखम किंवा हाडातून बाहेर आलेल्या पिना असतील तर पाण्यात हात नाहीच. ग्लव्हजच्या आत पाणी शिरते आणि तिथेच साठते. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही म्हणून टबातले पाणी ठेवून देण्याचा मोह होतो. गाळ बसल्यावर वरचे पाणी पुन्हा वापरायला हरकत नाही, पण झाकून ठेवा आणि चार दिवसांत बदला, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास होतात. एप्रिल-मेमध्ये काम सकाळी नऊच्या आत आवरा. तिरपे ऊन पॅनमध्ये येते तेव्हा कणही चांगले दिसतात.

एका पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखू लागली तर ती चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले तर थेट दवाखाना गाठा. बसून राहणाऱ्या रुग्णात रक्ताची गाठ होण्याची ही लक्षणे आहेत.

पिवळे दिसले की सोने समजणे

पॅन सावलीत न्या. सोने सावलीतही तसेच पिवळे दिसते. अभ्रकाची चमक कोन बदलला की विझते, आणि ते पाण्यात वर उचलले जाते. मग सुईचे टोक दाबा: सोने चेपते, पायराइट (सोन्यासारखे दिसणारे लोखंडाचे खनिज) फुटते, अभ्रकाचे पापुद्रे निघतात. बांधकामाच्या वाळूत पितळेचा स्क्रू, वायरीचा तुकडा असेही निघते. चेपणारा कण तांबूस असेल तर तो तांब्याचाच धरा. शंका राहिली तर कण पाण्याने भरलेल्या छोट्या काचेच्या बाटलीत ठेवा आणि सोनाराकडे कसोटीवर दाखवा. कोरड्या बाटलीत बारीक कण काचेला चिकटून बसतात आणि ओतताना हरवतात.